खंदारे सरांचे सहा दम

खंदारे सरांच्या घरी कधी गेलात तर चप्पल जरा जपून काढा. चोरीला जाईल म्हणून नव्हे. सर खिडकीतून मोजत असतात. गळ्यात पांढऱ्या नाडीला स्टॉपवॉच, त्याच नाडीला शिट्टी, आणि तुम्ही दुसरी चप्पल सोडून पायरीवर पाऊल ठेवलंत की आतून आवाज येतो, "सात सेकंद! काहून? पट्ट्याची हाय व्हय?" नवा पाहुणा ओशाळतो. आमच्यासारखा जुना माणूस काहीतरी कारण सांगत आत शिरतो, आणि सर तेही मोजतात.

सरांनी सगळी नोकरी पी.टी. शिकवण्यात घातली. कुरुंद्यातल्या निम्म्या घरांत त्यांनी पळवलेला एक तरी माणूस सापडेल. मला त्यांनी कबड्डी शिकवली, म्हणजे प्रयत्न केला. मैदानात ते मुलांना नावानं नाही, बनियनवरच्या नंबरानं हाक मारायचे. निवृत्तीनंतर नंबर गेले, पण सवय राहिली. आता ते मला 'मेडिकल' म्हणतात, कारण बसस्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. बालाजीला 'कुकर' म्हणतात, कारण त्याच्याकडे हळद शिजवायचा मोठा कुकर आहे आणि हंगामात तो गावोगाव फिरतो. उर्दू शाळेच्या रुबीना मॅडमना मात्र ते मॅडमच म्हणतात. शिक्षकाला शिक्षकानं मान द्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी सरांच्या पुढच्या खोलीत जमतो. गावात काहींना वाटतं आम्ही भिशी चालवतो, काहींना वाटतं ध्यान करतो. आम्ही राक्षस मारतो.

त्याचं असं झालं, की सर निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलीनं त्यांना एक खोकं पाठवलं. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे होते, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. ती तिकडे ऑफिसातल्या मित्रांबरोबर हा खेळ खेळते. एक जण सूत्रधार होतो. गोष्ट तो सांगतो, राक्षसही त्याचेच. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवतात. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत, सगळा तोंडाचा कारभार. लढाई लागली की पाळीपाळीनं हाणायचं, आणि एका पाळीत माणसाला काय काय करता येतं ते पुस्तकात दिलेलं असतं.

इथंच घोडं पेंड खायला लागलं.

सरांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन महिने ते पुस्तक वाचलं आणि आम्हाला बोलावून निकाल दिला, "ह्या लोकांनी जिंदगीत मैदान बघितलं न्हाई." पुस्तकाप्रमाणे योद्धा एका पाळीत, म्हणजे सहा सेकंदांत, धावू शकत होता, तलवार मारू शकत होता आणि मधल्या मधे मित्राला चार शब्द ओरडून सांगू शकत होता. ओरडणं तर फुकट होतं.

"फुकट?" सर म्हणाले. "फुकट काय बी न्हाई. बोलायला वारा लागतो. अन् हे बघ, पाठीवरच्या पिशवीतून औषधाची बाटली काढायची, प्यायची, अन् वर तलवार हाणायची. सहा सेकंदांत! मेडिकल, ऊठ. मैदानात ये अन् करून दाखव."

काकूंची बाजाराची पिशवी माझ्या पाठीला बांधली गेली. तीत माझ्याच दुकानातली खोकल्याच्या औषधाची बाटली. हातात तलवार म्हणून मोडकी छत्री. शिट्टी झाली. मी छत्री काखेत धरली, ती पडली. पिशवीची चेन अडकली. बाटली हाताला लागली पण तिचं झाकण उघडेना. रोज शंभर गिऱ्हाइकांना मी ती बाटली देतो, उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शेवटी दातांनी उघडली, एक घोट घेतला, छत्री उचलून हवेत मारली आणि दिवाणावर बसलो.

"बेचाळीस सेकंद," सर म्हणाले. "तवर राक्षसानं तुला खाऊन हात धुतले असते."

बालाजी हसून हसून भिंतीला टेकला. मग त्याच्या पाठीवर हळदीचं पोतं देऊन त्याला पळवलं, तेव्हा मी हसलो.

त्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं आणि दमवही जन्माला आली. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर सरांनी स्वतःचे नियम लिहिले. मूळ नियम कबड्डीचा. चढाईला गेलेला गडी एका श्वासात जातो, एका श्वासात येतो. श्वास तुटला की बाद. तसंच इथं. एक पाळी म्हणजे एक श्वास, आणि त्या श्वासात सहा दम. जे काय करायचं ते एका श्वासात बोलायचं. श्वास तुटला की उरलेले दम बुडाले. आणि प्रत्येक कामाला किती दम जातो ते सर स्वतः मोजणार. जे अंगानं करता येईल ते स्वतःच्या अंगावर, उरलेलं आमच्या.

तलवार उपसणे, एक दम. पट्टा नवा असेल तर दीड. जिना चढणे, दोन. बाटली काढून पिणे, पाच. पडल्यावर उठणे, दोन. "पोट सुटलेल्याला तीन," हे माझ्याकडे बघत लिहिलं. शिवी देणे, अर्धा. रामराम, सलाम, जयभीम, अर्धा, सगळ्यांना बराबर. रागानं बघणे, पाव. यावर रुबीना मॅडम भांडल्या. "सर, हे तर जुलूम आहे! बघायला काय लागतं?" सरांनी त्यांच्याकडे मिनिटभर डोळे वटारून बघितलं. सरांच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आलं ना पाणी?" ते डोळे पुसत म्हणाले. "पाव."

अख्ख्या वहीत शून्य दमाची एकच गोष्ट होती, आणि ती पहिल्या पानावर पहिल्या ओळीत होती. 'नियम एक. आपला दम कुणालाही देणे, शून्य.'

"सर, हे फुकट कसं?" मी विचारलं.

"मैदानात हे जमत न्हाई," सर म्हणाले. "लेकरू तिकडं दम तुटून पडलेलं दिसतं. आपल्या छातीत वारा मायंदाळ असतो. पर देता येत न्हाई. म्हणून इथं ठेवलंय."

आम्ही माना डोलावल्या आणि विसरून गेलो. खरं सांगायचं तर चार वर्षांत हा नियम कुणी वापरला नाही. ज्याला त्याला आपले सहा पुरत नव्हते. एकदा बालाजीचं पात्र मरायला टेकलं होतं. त्या पात्राचं नावही बालाजीच, कारण दुसरं नाव घ्यायचं म्हणजे बापाला काय वाटेल, असं तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे एक दम मागितला. मी म्हणालो, मला मारायला लागतोय. हे त्यानं मला नंतर दोन लग्नांत, पंगतीत, सगळ्यांसमोर ऐकवलं.

सूत्रधार अर्थात सरच, आणि त्यांचा सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे वाफासुर. बालाजीच्या कुकरचं झाकण एकदा फटकन उडालं होतं, त्यावरून सरांना तो सुचला. पिवळाधमक, अंगातून वाफ, शेपटी लोखंडी. आणि राक्षसालाही दमाचा नियम लागू होता. सूत्रधाराला पुस्तकात हवी तेवढी सवलत आहे, पण सर म्हणायचे, "नियम सगळ्यांला बराबर. न्हाईतर मी पंच कशाचा?" मग छाती भरून श्वास घेऊन ते एका दमात सुरू करायचे, "वाफासुर दोन पावलं पुढं आला मेडिकलच्या रणधीरला शेपटीनं हाणला कुकरच्या अंगावर वाफ सोडली मॅडमचा बाण दातात धरून मोडला अन् वरून हसला!" हसण्याचा अर्धा दमसुद्धा ते बरोबर वाचवून ठेवायचे. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि माझं पात्र, रणधीर, आडवं व्हायचं.

गेल्या वर्षापासून मात्र दमवहीत महागाई सुरू झाली. एका रविवारी जिना चढणे दोनाचं तीन झालं. दिवाळीनंतर चार. मग पाच! सहातले पाच दम जिन्यातच गेले तर वर जाऊन राक्षसाला काय, नमस्कार करायचा?

"सर, पाच काहून?" बालाजी चिडला. "काल तर चार व्हते."

"मोजून बघितलं," सर म्हणाले.

"आमी बी मोजू का?"

"तुजं वय काय, माजं वय काय. वाफासुराच्या किल्ल्यात म्हातारे बी जातेत."

पळण्याचा दम वाढला. पडून उठण्याचा वाढला. आम्ही कुरकुरलो, पण फार नाही, कारण त्याच सुमाराला आम्ही जिंकायला लागलो होतो. वाफासुर पूर्वीसारखा राहिला नव्हता. एका पाळीत तिघांनाही लोळवणारा गडी आता दोन पावलं यायचा, एक फटका मारायचा आणि थांबायचा. हसणं तर त्यानं सोडूनच दिलं. मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगू लागलो की अनुभवानं माणूस तयार होतो. माझा रणधीर आता डावपेच खेळतो, असं मी बायकोलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मग एक रविवार आला. पुण्याहून मुलीचा फोन आला आणि सर बोलायला अंगणात गेले. माझ्या रणधीरला भिंतीवरून उडी मारायची होती, तिला किती दम जातो ते बघायला मी दमवही उघडली. जिन्याच्या पानात खूण म्हणून गोळ्यांची रिकामी पट्टी घातलेली होती.

ती गोळी मी ओळखतो. माझ्या दुकानात दुसऱ्या फळीवर, उजव्या हाताला असते. ज्यांचं हृदय थकलेलं असतं, ज्यांना चार पावलांत धाप लागते, त्यांना ती देतात. सरांना ती मी कधीच दिली नव्हती, म्हणजे ही पट्टी माझ्या दुकानातली नव्हती.

मी पानावर नजर टाकली. जिना: दोन खोडून तीन, तीन खोडून चार, चार खोडून पाच. पळणे, तसंच. पडून उठणे, तसंच. पण बाटली काढून पिणे पहिल्या दिवसापासून पाचच होतं, कारण ते माझ्यावर मोजलेलं. पोतं घेऊन पळणंही जुनंच, कारण ते बालाजीवर मोजलेलं. महागाई झाली होती ती फक्त सरांनी स्वतःच्या अंगावर मोजलेल्या कामांची.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पट्टी माझ्या हातात होती. त्यांनी कप खाली ठेवले.

"वसमतहून आणतेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणतेत, मेडिकलला कळलं का खेळ बंद करतील. डॉक्टरनं सांगितलं जिना चढू नका. हे रोज चढतेत. काहून, तर मोजायला."

मला पहिल्यांदा राग आला. मी त्यांचा विद्यार्थी, माझं दुकान दोनशे पावलांवर, आणि गोळी वसमतहून? मग वाफासुर आठवला. तो का हसत नव्हता ते कळलं, आणि मी दुकानात मारलेल्या बढाया एकेक करून आठवल्या. लाज वाटली.

सर फोन संपवून आत आले, चहा झाल्यावर आम्ही तिघं ओट्यावर आलो, मी त्यांना सांगितलं, आणि मग आम्ही एक गाढवपणा केला. तसेच आत जाऊन सरांना म्हणालो, की सूत्रधाराला एका श्वासाचा नियम नको. सर सावकाश बोलतील, थांबत थांबत बोलतील, आमची काही तक्रार नाही.

सरांनी आमच्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, वहीतून डोकावणाऱ्या पट्टीकडे बघितलं.

"म्हंजे माज्यासाठी नियम बदलायचा?"

"तुमच्यासाठी न्हाई, सर. सूत्रधारासाठी," बालाजी म्हणाला. त्याला खोटं बोलताच येत नाही.

"पंचाला चढाई झेपत न्हाई तर पंचानं मैदान सोडावं," सर म्हणाले. "पुढल्या रविवारी वाफासुराची लढाई संपवू. मंग खोकं पुण्याला परत धाडतो. तिकडं पोरीला कामी येईल."

"सर, असं काय करून राहिले?" रुबीना मॅडम म्हणाल्या. पण सरांनी शिट्टी वाजवली. म्हणजे शिट्टी तोंडात धरली, आवाज अर्धाच आला. खेळ संपला.

तो आठवडाभर मला काही सुधरलं नाही. दोन गिऱ्हाइकांना मी चुकीची सुटी नाणी परत दिली आणि एकाला मलमाऐवजी टूथपेस्ट दाखवली. रविवारची दुपार म्हणजे माझ्या आठवड्यातली एकच जागा, जिथं मला कुणी काही मागत नाही, फक्त माझ्यावर राक्षस सोडतं. आणि सरांचं काय? मुलगी पुण्यात. मैदान सुटलेलं. काकू म्हणाल्या होत्या, सोमवारपासून ते वाफासुराचं बोलत असतात, सकाळी दात घासतानासुद्धा.

शेवटच्या रविवारी आम्ही वेळेआधी गेलो. चपला काढल्या. खिडकीतून आवाज आला नाही. दमवही मांडीवर घेऊन सर दिवाणावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू बक्षीस समारंभ आहे.

वाफासुर किल्ल्याच्या दारात उभा होता. बालाजीनं हाणलं. रुबीना मॅडमनी बाण सोडला. माझी पाळी झाली, मी तीनच दम वापरले आणि थांबलो. मग वाफासुराची पाळी आली. सरांनी श्वास घेतला.

"वाफासुर दोन पावलं पुढं..."

आणि श्वास तुटला. सर खाली बघत राहिले. बोटानं वहीच्या कडेची धूळ झाडल्यासारखं केलं.

"सर," मी म्हणालो, "नियम एक. माझे तीन दम शिल्लक आहेत. ते वाफासुराला."

सरांनी मान वर केली. "कुणाला?"

"वाफासुराला. कुणालाही देणे, शून्य. तुमचंच अक्षर आहे."

त्यांनी पहिलं पान उघडलं. वाचलं. पान उलटून मागं बघितलं, कुठं बारीक अक्षरात काही अट घातली होती का. मग पुढची चार पानं चाळली. पंच माणूस, नियम सापडला की त्याच्यापुढं नाइलाज. शेवटी वही मिटून म्हणाले, "बराबर हाय. पर ते दम बोलायचे कुणी?"

"ज्याचा दम त्यानं बोलायचं. काय करायचं ते तुम्ही सांगा. खुणेनं सांगितलं तरी चालेल."

सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. हे बघणं रागाचं नव्हतं, त्यामुळे किती दम गेला ते वहीत मिळणार नाही. मग ते पुढं वाकले आणि माझ्या कानात दोनच शब्द म्हणाले. "शेपटी. रणधीर."

रणधीर म्हणजे माझंच पात्र. चार वर्षं जपलेलं. मी छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात बोललो, "वाफासुरानं गरकन वळून लोखंडी शेपटी रणधीरच्या कमरेत अशी हाणली की तो दाराबाहेर खंदकात जाऊन पडला!" वीस बाजूंचा फासा टाकला. वीस आले. आयुष्यात एकदाच माझ्या हाताला वीस आले, ते स्वतःलाच मारताना.

"मेला!" बालाजी आनंदानं ओरडला. मी न दिलेल्या त्या एका दमाचा सूड पुरा झाला. "सर, माजे बी दोन घ्या वाफासुराला! मॅडमला हाणू."

"अरे वा! मग माझा एक घ्या, कुकरवर वाफ सोडा," रुबीना मॅडम म्हणाल्या.

पुढचा तासभर आम्ही एकमेकांचा दम उसना देऊन एकमेकांना बडवून काढलं. सर कानात सांगायचे, कधी बोटानं दाखवायचे, आणि आमच्यापैकी कुणीतरी छाती फुगवून ते बोलायचं. काय काय सुचलं होतं त्या माणसाला! वाफेत लपणं, दार ढकलून देणं, बालाजीला बालाजीच्याच दोरानं बांधणं. महिनोन् महिने हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि बाहेर यायला वारा नव्हता. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघंही मेलो. वाफासुर जिंकला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी वाफासुराला हसायचं होतं, आणि अर्धा दम कुणाकडेच शिल्लक नव्हता, तर सर स्वतःच हसले. हळू, धाप लागू न देता, पण पोटातून.

खोक्याचा विषय कुणी काढला नाही. सरांनी फासे गोळा करून नेहमीच्या कपाटात ठेवले. "पुढल्या रविवारी नवी माणसं करा," ते म्हणाले. "मेलेले चालणार न्हाईत."

दोन दिवसांनी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा सर आले. रस्ता ओलांडून, मध्ये एकदा विजेच्या खांबाला हात लावून थांबून आले. काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी ठेवली. मी ती वाचली. दुसरी फळी, उजव्या हाताला. का कोण जाणे, मला ते खोकं लवकर सापडेना. मी तिसरी फळी बघितली, खालची बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. मागं टिक् असा ओळखीचा आवाज झाला.

गोळ्या काउंटरवर ठेवल्या तेव्हा सरांच्या हातात स्टॉपवॉच होतं.

"चौतीस सेकंद," ते म्हणाले. "वहीत लिवतो. ओळखीच्या माणसाला औषध देणे, चार दम." मग पट्टी खिशात घालून त्यांनी समोरचं स्टूल ओढलं आणि बसले. "पुढच्या महिन्यात बी हितंच येतो. सावकाश काढत जा. घाई न्हाई."